नाळ अडकली, बाळ निळं पडलं... तेव्हा पहिल्या मिनिटात काय बघायचं हे सांगणाऱ्या डॉ. अपगार

डिलिव्हरी रूमच्या बाहेर बसलेल्या माणसांचा सगळा जीव कानात गोळा झालेला असतो. आतून रडण्याचा आवाज आला की आजी हात जोडते, मावशी फोन काढते, कुणीतरी पेढे आणायला निघतं. पण कधी कधी आवाज यायला वेळ लागतो. आत काय चाललंय ते कळत नाही. मग दार उघडतं आणि नर्स सांगते, की नाळ गळ्याभोवती होती, बाळ जरा निळं पडलं होतं, आता रडलंय, ठीक आहे.

दोन-चार दिवसांनी हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. त्यावर वजन, जन्माची वेळ, रक्तगट असं सगळं असतं आणि एका कोपऱ्यात अपगार असं लिहून पुढे दोन आकडे असतात. कुणाचे ८ आणि ९, कुणाचे ४ आणि ८. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल असो की तालुक्याचं सरकारी रुग्णालय, हे आकडे बहुतेक ठिकाणी लिहिले जातात. बऱ्याच जणांना वाटतं की अपगार हे एखाद्या मशीनचं नाव असेल.

तर ते एका बाईंचं आडनाव आहे. डॉ. व्हर्जिनिया अपगार. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हत्या, बालरोगतज्ज्ञही नव्हत्या. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. त्यांना व्हायचं होतं सर्जन, आणि ते त्यांना होता आलं नाही.

त्यांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी नाळेचा मामला समजून घ्यायला लागतो.

नाळ अडकते म्हणजे नक्की काय होतं?

पोटात असताना बाळ नाकातोंडाने श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू येतो वारेतून, आणि वारेपासून बाळापर्यंत जाणारा रस्ता एकच, तो म्हणजे नाळ. लांबी साधारण ५० ते ६० सेंटीमीटर. आत तीन रक्तवाहिन्या. एक शीर आईकडून आलेला प्राणवायू बाळाकडे नेते, दोन धमन्या बाळाकडचं वापरलेलं रक्त परत वारेकडे आणतात. या तिघींना वेढून एक बुळबुळीत, जेलीसारखा थर असतो. नाळ वळली, दाबली गेली तरी रक्तवाहिन्या लगेच चेपू नयेत म्हणून निसर्गाने केलेली ही सोय.

दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती जन्माच्या वेळी नाळेचा वेढा असतो. इतकी ही गोष्ट कॉमन आहे. सोनोग्राफीत हे दिसलं की घरात रडारड सुरू होते, कारण आपल्या डोळ्यासमोर फास येतो. पण बाळ गळ्यातून श्वास घेतच नसतं, त्यामुळे फासाचं चित्र इथे लागू पडत नाही. प्रश्न फक्त एवढाच, की नाळेतलं रक्त वाहतंय की नाही. वेढा सैल असेल तर डोकं बाहेर आल्यावर डॉक्टर किंवा नर्स बोटाने तो डोक्यावरून काढतात, आणि बाळ काही झालंच नाही अशा थाटात रडायला लागतं.

काही वेळा मात्र तसं होत नाही. वेढा घट्ट असतो. किंवा नाळेला खरोखरची गाठ बसलेली असते आणि कळांच्या जोराने ती आवळली जाते. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे गर्भजलाची पिशवी फुटल्यावर बाळाच्या आधी नाळच खाली घसरणं. बाळ पायाळू असेल, आडवं असेल किंवा दिवस पूर्ण भरायच्या आधी कळा आल्या असतील, तर याची शक्यता वाढते. हजार बाळंतपणांत एक ते सहा वेळा हे घडतं. बाळाचं डोकं आणि आईचं हाड यांच्यामध्ये नाळ चेपते आणि रस्ता बंद होतो. अशा वेळी बाईला गुडघे आणि छातीवर ओणवं करतात, कुणीतरी आतून हाताने बाळाचं डोकं वर धरून ठेवतं आणि त्याच अवस्थेत तिला सिझरला नेतात. तिथे मिनिटं मोजली जातात.

नाळ दाबली की बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होतात, रक्तात प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाठोपाठ रक्तातलं आम्ल वाढतं. असं बाळ बाहेर येतं तेव्हा ते निळं किंवा पांढरंफटक असतं, हातपाय लुळे, रडणं नाही.

आता मुद्दा असा, की हे बाळ मेलेलं नसतं. त्याला मदत मिळाली तर पुढच्या दोन-तीन मिनिटांत ते गुलाबी होऊ शकतं. पण मदत मिळायला आधी कुणीतरी त्याच्याकडे बघायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या चांगल्या चांगल्या हॉस्पिटलांमध्येसुद्धा याचा काही नियम नव्हता. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष आईकडे. तिचा रक्तस्राव, वार पडली का, टाके. बाळाचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कुणी उलटं धरून चापट मारायचं, कुणी गार-गरम पाण्यात बुडवायचं, कुणी लांबून बघून हे काही जगत नाही असं ठरवून टाकायचं.

याचा परिणाम आकड्यांत दिसत होता. १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेत बालमृत्यू एकूण कमी होत गेले. पण जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांची संख्या होती तिथेच राहिली.

घरात एक भाऊ गेला, एक कायम आजारी

व्हर्जिनियाचा जन्म ७ जून १९०९ चा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं वेस्टफील्ड हे तिचं गाव. तीन भावंडांत ती शेंडेफळ. एक भाऊ लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा सतत आजारी असायचा. डॉक्टर, औषधं, रात्रीची जागरणं हे तिने घरातच पाहिलं.

वडील विम्याच्या कंपनीत, पण डोक्यात सगळं विज्ञान. घरीच दुर्बिणी आणि रेडिओचे खटाटोप चालायचे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, न्यूयॉर्कजवळच्या सेव्हिल इथल्या वायरलेस स्टेशनवरून जर्मनीला जाणारे संशयास्पद संदेश त्यांनी मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड करून सरकारला दिले होते. हेरगिरीचं ते प्रकरण त्या काळी बरंच गाजलं. एखादी गोष्ट नीट ऐकायची, नोंदवायची आणि पुराव्यासकट समोर ठेवायची, ही सवय मुलीने कुठून उचलली ते वेगळं सांगायला नको.

घरात गाणं-बजावणंही होतं. व्हर्जिनिया लहानपणी व्हायोलिन शिकली आणि तंतुवाद्यांची साथ तिने आयुष्यभर सोडली नाही.

कॉलेज होतं माउंट होलिओक. विषय प्राणिशास्त्र. पैशांची चणचण होती म्हणून ती पडेल ते काम करायची. त्यातलं एक काम म्हणजे प्रयोगशाळेसाठी मांजरं पकडून आणणं! १९२९ साली पदवी घेऊन ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली आणि काही आठवड्यांतच शेअर बाजार कोसळला. महामंदी आली. ९० जणांच्या वर्गात मुली मोजून ९. १९३३ साली ती वर्गात चौथी येऊन डॉक्टर झाली. डोक्यावर जवळजवळ ४ हजार डॉलरचं कर्ज होतं.

सर्जन व्हायचं होतं, पण

डॉ. अपगार यांना सर्जरीची इंटर्नशिप मिळाली, कामही उत्तम चाललं होतं. पण त्यांचे प्रमुख डॉ. ॲलन व्हिपल यांनी त्यांना हा नाद सोडायला सांगितलं. त्यांनी आधी शिकवलेल्या बायका सर्जन म्हणून पोट भरू शकल्या नव्हत्या, मंदीच्या काळात तर पुरुष सर्जनच बसून होते. व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे जायला सुचवलं.

आज ऐकायला हा सल्ला ठीक वाटेल. त्या वेळी भूल देणं हे डॉक्टरचं काम मानलंच जात नव्हतं. बहुतेक ठिकाणी ते नर्स करायच्या. सर्जनच्या दृष्टीने भूल देणारा माणूस म्हणजे मदतनीस. व्हिपल यांना मात्र कळत होतं, की भूल सुधारल्याशिवाय सर्जरी पुढे जाणार नाही, आणि त्यासाठी हुशार डॉक्टर हवेत. एका हुशार मुलीला तिच्या स्वप्नापासून बाजूला करणारा आणि वैद्यकाला एक नवी शाखा मिळवून देणारा हा एकच सल्ला. त्याला अन्याय म्हणायचं की दूरदृष्टी, हे ठरवणं अवघड आहे. बहुधा तो दोन्ही होता.

अपगार आधी आपल्याच हॉस्पिटलच्या नर्सकडून शिकल्या. मग १९३७ साली विस्कॉन्सिनमध्ये डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे सहा महिने आणि पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात. शिकाऊ डॉक्टरांच्या राहण्याची जागा फक्त पुरुषांसाठी असायची. त्यामुळे त्यांना कधी इथे कधी तिथे पथारी टाकावी लागली, बेलव्ह्यूत तर मोलकरणींच्या खोल्यांमध्ये राहावं लागलं.

१९३८ साली त्या कोलंबियाच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात भूल विभागाच्या प्रमुख म्हणून परतल्या. तिथे विभागप्रमुख झालेली ही पहिली बाई. नाव मोठं, पण काम करायला माणसं नाहीत, पगार तुटपुंजा आणि सर्जन बरोबरीने वागवायला तयार नाहीत. अकरा वर्षं त्यांनी हा विभाग उभा केला. १९४९ साली त्याचं स्वतंत्र खातं झालं तेव्हा प्रमुखपदी बसवला गेला एक पुरुष, डॉ. इमॅन्युएल पॅपर. अपगार यांना प्राध्यापकपद मिळालं. कोलंबियाच्या मेडिकल कॉलेजातल्या त्या पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक.

खुर्ची गेली, पण प्रशासनाची कटकटही गेली. त्या शेजारच्या स्लोन हॉस्पिटल फॉर विमेनमध्ये, बाळंतपणाच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

ट्रेवरच्या कार्डावर लिहिलेल्या पाच गोष्टी

भूल देणाऱ्या डॉक्टरची जागा बाईच्या डोक्याशी. तिथून त्यांना सगळं दिसायचं. बाळ बाहेर काढणाऱ्या डॉक्टरचं लक्ष खाली, नर्सचं लक्ष सामानावर, आणि बाजूला ठेवलेलं बाळ एकटं. त्यातून आईला दिलेली भूल नाळेवाटे बाळापर्यंत पोहोचते आणि त्याला सुस्त करते, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे एखादं बाळ लुळं आलं तर कारण नाळ दाबली गेली हे असेल, भूल असेल, किंवा आणखी काही. पण मुळात लुळं म्हणजे किती लुळं हे मोजायची पट्टीच नव्हती. एकाला बरं वाटणारं बाळ दुसऱ्याला वाईट वाटायचं.

झालं असं, की १९५२ च्या सुमारास एके सकाळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये नाश्ता चालू असताना एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची तब्येत कशी ठरवायची. अपगार म्हणाल्या, त्यात काय मोठंसं. टेबलावर ट्रे उचलून ठेवण्याची सूचना लिहिलेलं एक कार्ड पडलं होतं. त्यावर त्यांनी पाच गोष्टी खरडल्या आणि तशाच उठून बाळंतपणाच्या वॉर्डात ते करून बघायला गेल्या.

पाच गोष्टी या. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण म्हणजे हातपाय हलवतंय की लुळं आहे, डिवचल्यावर प्रतिक्रिया देतं का, आणि रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन मार्क. ठोके मिनिटाला १०० च्या वर असतील तर दोन, कमी असतील तर एक, नसतीलच तर शून्य. जोरात रडलं तर श्वासाला दोन, अडखळत श्वास घेतला तर एक. बेरीज जास्तीत जास्त १०.

वेळ ठरली जन्मानंतर बरोबर ६० सेकंद. नाळ कापली की नाही, वार पडली की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. बाळ पूर्ण बाहेर आलं की घड्याळ सुरू.

यात एक गंमत आहे. ठोके पटकन कसे मोजायचे, तर बेंबीपासून साधारण दोन इंचांवर नाळ बोटांत धरायची. नाळेत नाडी उडत असते, ती मोजायची. ज्या नाळेमुळे बाळ अडचणीत आलं असेल तीच नाळ ते जिवंत असल्याचं सगळ्यात आधी सांगते. नाळेवर बोट ठेवायला ना यंत्र लागतं, ना वीज. म्हणूनच ही पद्धत पुढे जगभर पोहोचली.

रंगावर मात्र अपगार यांचा स्वतःचाच फारसा भरवसा नव्हता. जन्मल्यावर एका मिनिटात जवळपास सगळ्याच बाळांचे हातपाय निळसर असतात, त्यामुळे दहापैकी दहा क्वचितच मिळतात. आजही डॉक्टर हे सांगतात. शिवाय सावळ्या बाळाची कातडी बघून गुलाबी की निळं ते ठरवणं फसवं ठरू शकतं, तिथे ओठ आणि जीभ बघावी लागते. तेव्हा कार्डावर १० ऐवजी ९ दिसला म्हणून हळहळायचं काही कारण नाही.

अपगार यांनी १९५२ साली भूलतज्ज्ञांच्या परिषदेत ही पद्धत मांडली आणि १९५३ साली त्यांचा लेख छापून आला. त्यात १,०२१ बाळांचे मार्क होते. शून्य ते दोन मार्क मिळालेल्या, दिवस पूर्ण भरलेल्या बाळांपैकी १४ टक्के दगावली होती. तीन ते सातच्या गटात हे प्रमाण १.१ टक्के. आठ ते दहाच्या गटात ०.१३ टक्के. पाच साध्या गोष्टी बघून एका मिनिटात काढलेला आकडा बाळाच्या जगण्या-मरण्याशी इतका जुळत होता.

पण खरा बदल आकड्यामुळे झाला नाही. मार्क लिहायचे म्हणजे कुणीतरी एकाने त्या पहिल्या मिनिटाला बाळाजवळ उभं राहून त्याच्याकडेच बघणं भाग पडलं. आणि एकदा कागदावर दोन असा आकडा लिहिला की मग हात बांधून बसणं अवघड जातं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायची पद्धत रुळली तेव्हा तर मधल्या चार मिनिटांत तुम्ही काय केलं, हेच कागदावर दिसायला लागलं.

नाळेतल्या रक्ताने काय सांगितलं

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव झालंच असतं. पण त्या काळच्या डॉक्टरांमध्ये एक समज घट्ट होता. जन्मताना बाळाच्या रक्तात प्राणवायू कमी असणं हे नैसर्गिक आहे, बाळाला ते सोसतं, थोड्या वेळाने आपोआप ठीक होतं, असं मानलं जायचं. हे खरं असेल तर निळ्या बाळासाठी धावपळ करायची गरजच काय?

अपगार यांनी याची तपासणी केली ती डॉ. डंकन हॉलाडे आणि न्यूझीलंडहून आलेले डॉ. स्टॅन्ली जेम्स यांच्यासोबत. त्यांनी रक्त घेतलं ते नाळेतून. बाळाला न टोचता त्याच्या शरीरातली खरी परिस्थिती सांगणारं रक्त नाळेच्या धमनीत असतं, कारण ते बाळाकडून परत येत असतं. त्यातला प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लाचं प्रमाण मोजायचं आणि शेजारी त्या बाळाचे मार्क ठेवायचे.

चित्र स्पष्ट झालं. कमी मार्कांच्या बाळांच्या रक्तात आम्ल वाढलेलं होतं. म्हणजे ते शांत झोपलेलं बाळ नव्हतं, ते गुदमरलेलं बाळ होतं. आणि त्याला श्वास देऊन बाहेर काढणं हे तातडीचं काम होतं. १९५८ साली त्यांचा दुसरा मोठा अहवाल आला, त्यात १५,३४८ बाळांची नोंद होती.

या मोजणीत एक गोष्ट खुद्द अपगार यांच्या अंगावर आली. सायक्लोप्रोपेन नावाचा भूल देणारा वायू त्यांचा अतिशय आवडता होता. आकड्यांतून दिसलं, की तो दिलेल्या आयांची बाळं जास्त सुस्त जन्मतात. त्यांनी तो वायू बाळंतपणात वापरणं सोडून दिलं. आपलं आवडतं औषध आपल्याच आकडेवारीपुढे टाकून देणारे डॉक्टर किती असतात, हा प्रश्न इथे पडल्याशिवाय राहत नाही.

आज नाळेची मोठी गुंतागुंत झाली किंवा मार्क कमी आले, तर बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत नाळेचा तुकडा चिमटे लावून बाजूला ठेवतात आणि त्यातल्या रक्ताची तपासणी करतात. अगदी अत्यवस्थ बाळाला औषध द्यायचं असेल तर सगळ्यात जवळचा रस्ताही नाळेची शीर हाच असतो.

अपगार नावाची ओळख आणखी पक्की झाली ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जोसेफ बटरफील्ड यांच्या कामातून लक्षात आलं, की या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत पाचही गोष्टी बसवता येतात. ए म्हणजे अपिअरन्स, पी म्हणजे पल्स, जी म्हणजे ग्रिमेस, पुन्हा ए म्हणजे ॲक्टिव्हिटी आणि आर म्हणजे रेस्पिरेशन. विद्यार्थ्यांची सोय झाली, आणि अनेकांचा असा समज झाला की अपगार हे माणसाचं नाव नसून फक्त शॉर्टफॉर्म आहे.

या मार्कांवरून काय ठरत नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या मिनिटाचा आकडा कमी आला म्हणून बाळ पुढे मंदबुद्धी होईल किंवा त्याला सेरेब्रल पाल्सी होईल, असा अर्थ काढता येत नाही. नाळ अडकल्यामुळे ३ मार्कांवर आलेली कितीतरी बाळं पाचव्या मिनिटाला ८ वर असतात आणि पुढे शाळेत तुमच्या-आमच्यासारखीच दंगा करतात. बाळ गुदमरलं होतं का, हे फक्त या आकड्यावरून ठरवत नाहीत. आणि श्वास नसलेल्या बाळाला मदत करायला साठावा सेकंद उजाडायची वाटही बघत नाहीत. पुसणं, उब देणं, श्वासाची वाट मोकळी करणं आणि गरज पडली तर मास्कने हवा देणं हे सगळं पहिल्या मिनिटातच सुरू झालेलं असतं.

पन्नाशीत नवी नोकरी, आणि टेलिफोन बूथमधली फळी

अपगार यांनी हजारो बाळंतपणं पाहिली. त्या अतिशय भरभर बोलायच्या, भरभर चालायच्या. पर्समध्ये चाकू आणि श्वासनळीत घालायची नळी कायम असायची, रस्त्यात कुणाचा श्वास अडकला तर लागेल म्हणून. लग्न केलं नाही.

१९५९ साली, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि हॉस्पिटल सोडून मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत गेल्या. पोलिओसाठी उभी राहिलेली ही संस्था आता जन्मजात व्यंगांच्या कामाकडे वळत होती. पुढची १५ वर्षं त्या देशभर फिरल्या. १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीत गरोदर बायकांना लागण होऊन हजारो बाळं दोष घेऊन जन्माला आली, तेव्हा लसीसाठी त्यांनी आवाज उठवला. १९७२ साली जोन बेक यांच्यासोबत आईबापांसाठी एक पुस्तकही लिहिलं.

आणि वाद्यं. १९५६ साली कार्लीन हचिन्स नावाच्या एक शिक्षिका ऑपरेशनसाठी दाखल झाल्या होत्या. भूल द्यायच्या आधी पेशंटला भेटायला गेलेल्या अपगार यांना त्यांच्याजवळ स्वतः बनवलेला व्हायोला दिसला. मैत्री जमली, आणि अपगार त्यांच्याकडून वाद्यं बनवायला शिकल्या. एकदा व्हायोलाच्या पाठीसाठी चांगलं मेपलचं लाकूड हवं होतं. हॉस्पिटलच्या लॉबीतल्या टेलिफोन बूथमधली फळी नेमकी तशीच सुंदर होती. रीतसर मागून मिळेना. मग एका रात्री दोघी हत्यारं आणि बदली फळी घेऊन तिथे पोहोचल्या. बदली फळी थोडी लांब निघाली. हचिन्स बायकांच्या टॉयलेटमध्ये ती करवतीने कापत बसल्या आणि प्राध्यापक डॉ. अपगार बाहेर पहाऱ्यावर उभ्या राहिल्या. आवाज ऐकून थांबलेल्या नर्सला त्यांनी सांगितलं, की दुरुस्तीवाल्यांना रात्रीच वेळ मिळतो.

त्या फळीचा व्हायोला झाला. त्याशिवाय व्हायोलिन, मेझो व्हायोलिन आणि चेलोही त्यांनी बनवला. पन्नाशी उलटल्यावर विमान चालवायलाही शिकल्या. न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखालून विमान काढायचं, अशी त्यांची इच्छा होती. ती राहून गेली.

यकृताच्या आजाराने ७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६५. ज्या हॉस्पिटलात त्यांनी कारकीर्द घडवली तिथेच.

अपगार यांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकन पोस्टाने त्यांच्याच चेहऱ्याचं २० सेंटचं तिकीट काढलं. डॅलसमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या मेळाव्यात त्याचा समारंभ झाला. चार डॉक्टर मंचावर वाद्यं घेऊन बसले. चारही वाद्यं अपगार यांनी हाताने बनवलेली होती, आणि त्यातल्या व्हायोलाच्या पाठीला टेलिफोन बूथमधली ती फळी होती.